घरात काम असेल तोवर

“हात दाखव,” मी म्हणालो.

त्यानं दोन्ही हात पुढं केले, तळवे वर करून. मी चष्मा लावून नीट पाहिले. रेषांमध्ये मला रस नव्हता, घट्टे पाहिजे होते. ते होते. उजव्या अंगठ्याच्या बुडाशी कुदळीचा, दोन बोटांच्या पेरांवर कात्रीचा. नखांतली माती तर इतकी मुरलेली की धुऊन निघाली असती तर त्यालाच चुकल्यासारखं झालं असतं.

“नाव?”

“सर्जेराव संकपाळ.”

“झाडांतलं काय येतं?”

“समदं येतं, साहेब. लॉन, मेंदीचं कुंपण, कलमं बांधायची. सहा वर्षं रोपवाटिकेत रोजंदारीवर हाय.”

“आणि नळ गळला, कडी निखळली, तर?”

तो जरा गोंधळला. “गावाकडं आपलं आपणच करतो की.”

“मग ये राहायला,” मी म्हणालो. “भाडं नाही.”

फाटकाशी त्याची बायको उभी होती, एक ट्रंक आणि एक वळकटी घेऊन. म्हणजे ते सामान घेऊनच विचारायला आले होते. तिनं ‘भाडं नाही’ हे ऐकलं आणि पदर तोंडावर धरला. माझ्या बायकोनं, शरयूनं, ते पाहिलं. मला म्हणाली, “हसली बघा.”

“हसेल नाही तर काय,” मी म्हणालो.

मी बांधकाम खात्यात आरेखक होतो. दुसऱ्यांच्या घरांचे नकाशे काढण्यात माझा जन्म गेला. स्वतःचा बंगला मात्र मी साताऱ्यात गोडोलीच्या पुढं बांधला, तिथं नुसता माळ होता तेव्हा. मागं दोन खोल्या काढल्या, मंगलोरी कौलांच्या, वेगळी मोरी असलेल्या. कॉलनीतले लोक अशा खोल्या भाड्यानं देतात आणि मग तेच भाडं सुताराला, रंगाऱ्याला, माळ्याला वाटत बसतात. मी मधला व्यवहार काढून टाकला. घराला ज्या वर्षी जे दुखणं, त्या वर्षी त्या दुखण्याचा भाडेकरू. करार अकरा महिन्यांचा. भाडं शून्य. सकाळ-संध्याकाळ घराचं काम, बाकी वेळ त्याचा त्याला मोकळा.

पहिल्या वर्षी वायरमन ठेवला. मग रंगारी. मग सुतार. रंगारी बिलंदर होता. चार महिन्यांचं काम त्यानं अकरा महिने पुरवलं. एक भिंत रंगवली की पुढचे पंधरा दिवस ती वाळतेय का ते बघत बसायचा. सुतारानं शेवटचं दार करार संपायच्या आदल्या दिवशी बसवलं आणि तेही उलटं. पण गेले सगळे, मुकाट्यानं गेले.

शरयू म्हणायची, “तुम्ही भाडेकरू ठेवत नाही, औषधाच्या बाटल्या आणता.”

मला ते कौतुक वाटायचं.

त्या वर्षी दुखणं अंगणाचं होतं. चारी बाजूंनी नुसता मुरूम. शेजारच्या प्रत्येक बंगल्यापुढं गुलाब, आणि आमच्यापुढं कुत्रीसुद्धा बसत नसत. सर्जेराव जूनमध्ये आला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे कुदळीच्या आवाजानं मला जाग आली.

असला माणूस मी आधी पाहिला नव्हता आणि नंतरही नाही. तो कामाला घाबरत नव्हता, ही एक गोष्ट झाली. काम संपेल याला घाबरत नव्हता, ही त्याहून नवलाची. दिवाळीपर्यंत समोर लॉन झालं. काळी माती त्यानं कुठून आणली हे मी विचारलं नाही. सायकलच्या मागं पोतं बांधून रोज एक खेप आणायचा. मेंदीचं कुंपण गुडघ्याएवढं झालं. मोरीचं पाणी त्यानं चर खणून केळींना सोडलं. मागच्या खोल्यांची कौलं शाकारली, पाण्याच्या टाकीचा बॉल बदलला, जिन्याचा कठडा हलत होता तो घट्ट केला. यातलं निम्मं मी सांगितलेलंही नव्हतं.

“दाबके साहेब, आता काय करू?” दर रविवारी तो हात पुसत व्हरांड्याशी यायचा.

आणि दर रविवारी मला शोधावं लागायचं.

नोव्हेंबरात शरयू एका दुपारी जेवण वाढता वाढता म्हणाली, “कुसुमला दिवस गेलेत.”

“बरं.”

“पहिलं मूल गेलंय तिचं. कोयनेच्या पाण्यापलीकडं गाव आहे त्यांचं. बामणोलीपर्यंत एस.टी., पुढं लाँच. दुखायला लागलं तेव्हा वारं सुटलं होतं, लाँच निघालीच नाही. इकडल्या काठाला आणेपर्यंत सगळं झालं होतं. या खेपेला डॉक्टरीणबाईंनी बजावलंय, दवाखाना हाकेच्या अंतरावर असेल तिथंच राहा म्हणून. मूल पोटात कसं फिरेल सांगता येत नाही म्हणे.”

“भाजीत मीठ कमी आहे,” मी म्हणालो.

आम्हाला मूलबाळ नव्हतं. शरयूनं तेव्हापासून मागच्या खोल्यांकडं जायचा रस्ता झिजवला. दुपारी कुसुमला आमच्या मागच्या पायरीवर बसवून तिच्या डोक्याला तेल लावायची, आंबट-चिंबट करून द्यायची. दोघी काहीतरी शिवत असायच्या. मी ऑफिसातून दुपारी जेवायला आणि जरा लवंडायला घरी येत असे, तेव्हा त्यांच्या हसण्यानं माझी झोप मोडायची. मी खिडकी लावून घ्यायचो.

मार्चमध्ये मी घराभोवती एक फेरी मारली. सावकाश, कुंपणापासून गच्चीपर्यंत. कुठं काही निघतंय का बघत. काही नव्हतं. अंगण हिरवंगार. दारं बिनआवाज उघडत होती. सर्जेरावाची चूक झाली होती ती ही. त्याला वाटत होतं, चांगलं काम केलं की माणसं आपल्याला ठेवून घेतात. रंगाऱ्याला याहून जास्त अक्कल होती.

उरली होती फक्त गच्ची. ती दोन पावसाळे माझ्या झोपायच्या खोलीत गळत होती आणि ते माळ्याचं काम नव्हतं. मी गावात चौकशी केली आणि बशीर मिस्त्रीशी बोलणं करून ठेवलं. गच्चीचा जुना कोबा फोडून नवा घालायचा. तो बायको-मुलांसह मागच्या खोल्यांत येणार, मे महिन्याच्या पंचवीस तारखेला. सर्जेरावाचा करार दहा मेला संपत होता. कुसुमला डॉक्टरांनी वीस मेची तारीख दिली होती.

पाडव्याला सकाळी दोघं आली. सर्जेरावानं आमच्या गुढीची काठी बांधून दिली होती, शरयूनं त्याच्या हातावर कडुलिंब आणि श्रीखंडाची वाटी ठेवली. तो वाटी घेऊन उभाच राहिला.

“साहेब, एक मागनं होतं.”

“बोल की.”

“हिचं बाळंतपण होईतो ऱ्हाऊ द्या. दोन-तीन आठवडं. दुसरीकडं चार जागी इचारलं. दिवस भरत आलेल्या बाईला खोली कोन देईना. आमच्यात इटाळ नको म्हनत्यात.”

कुसुम पायाच्या अंगठ्याकडं बघत होती. शरयू माझ्याकडं बघत होती. सणाच्या दिवशी मला कुणाला नाही म्हणवत नाही. हा माझा स्वभावच आहे.

“घरात काम असेल तोवर राहा,” मी म्हणालो.

सर्जेरावाचा चेहरा उजळला. त्याला त्यात फक्त ‘राहा’ ऐकू आलं असावं. शरयूनं मात्र पुरतं वाक्य ऐकलं होतं. तिनं आत जाऊन भांडी घासायला घेतली, सणाच्या दिवशी, मोलकरीण यायच्या आत.

आठ दिवसांनी मोरीतला नळ तुटला.

जुनाच होता, बंगल्याएवढा. दुपारी धो धो पाणी वाहायला लागलं आणि सर्जेराव रोपवाटिकेतून सायकल हाणत आला. त्यानं टाकीची चावी बंद केली, नवा पितळी नळ आणला, बसवला. मी विचारलं, “कितीला पडला?” तो म्हणाला, “असू द्या साहेब, मी ऱ्हात असताना मोडला.” मी आग्रह केला नाही.

मग फाटकाची कडी गेली. मग संडासातली फ्लशची टाकी, तिची साखळीच तुटून हातात आली. मग स्वयंपाकघराच्या खिडकीची बिजागरी, मग माडीवरच्या बेसिनचा पाइप. एखाद्या घराला साथ यावी तसं चाललं होतं. आठवड्याला दोन तरी. सर्जेराव धावत यायचा, दुरुस्त करायचा, आणि जिथं जुनं होतं तिथं नवं बसवून जायचा. रोजंदारीतले खाडे पडत होते, पण तो बोलला नाही. काम निघतंय याचा त्याला आनंदच होता. एकदा मला म्हणालाही, “घर लई जुनं झालंय, साहेब. काळजी घ्याया पायजे. मानूस हवा कायमचा.”

“खरं आहे,” मी म्हणालो.

शरयू त्या दिवसांत छान दिसायची. तिच्या गालांवर लाली होती, पदर खोचलेला. मला वाटतं लग्नानंतरच्या पहिल्या वर्षानंतर मी तिला गुणगुणताना तेव्हाच ऐकलं.

मे उजाडला. मी पुन्हा एक फेरी मारली. नळ सगळे नवे, कड्या नव्या, टाकी नवी, पाइप नवे. घरात मोडण्यासारखं जुनं काही उरलं नव्हतं.

नऊ तारखेला सकाळी मी चहा झाल्यावर सगळ्यांना व्हरांड्यात बोलावलं. सर्जेराव आला, मागं कुसुम, कमरेवर हात ठेवून, एकेक पायरी मोजून चढत. शरयूनं तिच्यासाठी खुर्ची सरकवली. मी टेबलावर बिस्किटांचा रिकामा डबा ठेवला आणि त्यातून एकेक वस्तू काढून मांडली. मोरीतला जुना नळ, कडी, साखळी, बिजागरी.

“हा नळ बघ, सर्जेराव.”

त्यानं हातात घेतला.

“झिजून तुटलेल्या नळाची कड कशी असते, तुला माहीत आहे. ही तशी आहे का?”

त्यानं तुटलेल्या कडेवरून अंगठा फिरवला.

“हा घाव आहे. दगडाचा. आणि ही साखळी पकडीनं पिळलेली. तीस वर्षं मी बांधकाम खात्यात आहे, मला हे कळतं. पाडव्याला मी म्हणालो, काम असेल तोवर राहा. त्यानंतर आठ दिवसांत कामं निघायला लागली. दुपारी घरी कोण असतं? तुझी बायको असते.”

कुसुमनं मान झटक्यानं वर केली. “मी न्हाई, साहेब. देवाशपथ न्हाई.”

“मग तू,” मी सर्जेरावाला म्हणालो. “कुणीतरी एक. मी पोलिसात जात नाही, हे लक्षात ठेव. करार उद्या संपतोय. उद्या सकाळी खोल्या रिकाम्या हव्यात.”

“अहो...” शरयू म्हणाली.

तिचा आवाज ओळखू येत नव्हता. ती कठड्याला धरून उभी होती, बोटं पांढरी पडलेली. “अहो, ते... ते त्यांनी नाही...”

सर्जेरावानं तिच्याकडं पाहिलं. हातातल्या नळाकडं पाहिलं. पुन्हा तिच्याकडं. त्याला तेव्हा कळलं. शरयूच्या उजव्या तळव्यावर एक ताजा फोड होता आणि माणसाच्या हातावरचं वाचायला तो माझ्याइतकाच शिकलेला होता.

“मीच केलं, साहेब,” तो मोठ्यानं म्हणाला. “काम निघावं म्हनून केलं.”

“अवं!” कुसुम ओरडली.

“गप ऱ्हा. मीच केलं.” मग शरयूला, हळू, “बाई, तुम्ही आत जावा. उनाचं उभं ऱ्हाऊ नका.”

मला वाटलं होतं ती बोलेल. खरंच वाटलं होतं. ती क्षणभर माझ्याकडं बघत राहिली, तोंड अर्धवट उघडं, आणि मग आत निघून गेली. स्वयंपाकघरातून भांडं पडल्याचा आवाज आला.

रात्रीच्या जेवणाला तिनं मला वाढलं आणि ताटाशीच बसून राहिली.

“पंधरा दिवस,” ती म्हणाली. “मिस्त्री पंचवीसला येणार. तोपर्यंत खोल्या रिकाम्याच राहणार आहेत. त्या रिकाम्या खोल्यांत ती बाळंत झाली तर तुमचं काय जातं?”

“चुना मारायचा आहे आतून.”

“चुन्याला पंधरा दिवस?”

“वाळायला नको?” मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं गावाकडं निघाली. सायकलवर ट्रंक, कॅरिअरला वळकटी, शेजारून कुसुम चालत. शरयूनं तिच्या जुन्या सुती साड्या धुऊन, घडी घालून दिल्या होत्या, बाळाला गुंडाळायला. दुपट्यांचं एक गाठोडंही होतं. सहा महिने पायरीवर बसून हेच चाललं होतं तर. फाटकातून बाहेर पडताना सर्जेराव थांबला. मला वाटलं काही बोलेल.

“लॉनला सकाळीच पानी द्या,” तो म्हणाला. “दुपारी दिलं की पातं जळतं.”

मी पाणी दिलं नाही. माळ्याचा करार संपला होता आणि मिस्त्री यायचा होता. मे महिन्याचं ऊन. आठ दिवसांत लॉन तांबूस झालं.

चोवीस तारखेला दुपारी चारच्या सुमारास फाटक वाजलं. मी व्हरांड्यात होतो. सर्जेराव एकटाच आत आला, खांद्याला पिशवी. दाढी वाढलेली. त्यानं मला नमस्कार केला, लॉनकडं पाहिलं, मग कोपऱ्यातला नळ सोडून पाइप ओढला आणि पाणी मारायला लागला. असं ऊन असताना. मी मारू दिलं. फुकट होतं.

शरयू आवाज ऐकून बाहेर आली. तिनं त्याच्या हातांकडं बघितलं. मूल झाल्याची बातमी घेऊन येणाऱ्याच्या हातात पेढे असतात, निदान साखरेची पुडी तरी. त्याच्या हातात नुसता पाइप होता.

“सर्जेराव,” ती म्हणाली.

त्यानं पाइप खाली ठेवला. पाणी वाहत राहिलं.

“वारं न्हवतं, बाई,” तो म्हणाला. “लाँच होती. पन गाव ते धक्का, धक्का ते बामनोली, तिथनं जीप... सकाळपासनं सांच्यापातूर. नाळ गळ्याभवती हुती. कुसुम हाय. तिला सलाईन लावलंय, आता सिव्हिललाच हाय.”

“बाळ?”

“पोरगी हुती. रडलीच न्हाई.”

शरयू पायरीवर बसली. मी वर्तमानपत्राची घडी घातली. अशा वेळी काहीतरी बोलावं लागतं, म्हणून मी विचारलं, “इथं असती तर वाचली असती असं म्हणाले का डॉक्टर?”

त्यानं माझ्याकडं पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं, निदान त्याच्याशी कसं वागायचं ते मला ठाऊक होतं.

“तेवढंच म्हनाले,” तो म्हणाला.

मग त्यानं नळ बंद केला, पाइप गुंडाळून जागच्या जागी ठेवला आणि पिशवीतून काढून शरयूच्या पायाशी त्या धुतलेल्या साड्यांची घडी ठेवली. घडी मोडलेली नव्हती. “हिनं परत द्या म्हनून सांगितलंय,” तो म्हणाला आणि गेला.

संध्याकाळी शरयूनं दिवा लावला नाही. मी चहाची वाट पाहून स्वयंपाकघरात गेलो तर ती तिथं नव्हती. मागच्या दारातून पाहिलं. मागच्या खोल्यांचं दार उघडं होतं. आत चुन्याचा वास, आणि भिंतीशी तिनं सतरंजी अंथरलेली. उशाला त्या साड्या. एक स्टोव्ह, दोन भांडी, देवातला बाळकृष्ण.

“हे काय?” मी विचारलं.

“राहायला आलेय.”

“उद्या मिस्त्री येतोय.”

“येऊ दे.”

मी उंबऱ्याशी उभा राहिलो. आत जाववेना. ती भिंतीला टेकून बसली होती, गुडघे जवळ घेऊन, आणि अगदी शांत होती.

“एक विचारते. खरं सांगा. नळ कोण तोडत होतं, ते तुम्हाला माहीत होतं?”

खोटं बोलायची मला सवय नाही.

“दुसऱ्या खेपेपासून,” मी सांगितलं. “दुपारी मी माडीवर पडलो होतो. आवाज आला म्हणून जिन्याच्या खिडकीतून पाहिलं. तू फाटकाशी होतीस. वरवंट्यानं कडी ठोकत होतीस. पदर खोचलेला, केस सुटलेले. मी परत जाऊन पडलो.”

“आणि बोलला नाहीत.”

“काम चाललं होतं ना. कडी नवी मिळत होती, नळ नवा मिळत होता. घरातलं सगळं जुनं निघालं. तू बरोबर जुनंच मोडत होतीस, मला वाटलं तुलाही ते दिसतंय.”

“आणि त्या दिवशी व्हरांड्यात?”

“तुला बोलता येत होतं की. मी काही तोंड धरलं नव्हतं.”

कौलांच्या फटीतून संध्याकाळचा उजेड तिच्या पायांवर पडला होता.

“मी बोलले असते,” ती म्हणाली. “तोंड उघडलं होतं. पण तुम्ही असे बसला होतात, डब्यातून वस्तू काढून मांडत, आणि मला एकदम सहासष्ट साल आठवलं. या गच्चीचा स्लॅब टाकला होता. असाच मे महिना. मला सातवा होता. स्लॅबवर मातीची आळी करून पाणी भरायचं, एकवीस दिवस. मी म्हणाले होते, एखादी बाई ठेवू या, मला शिडी चढवत नाही. तुम्ही असेच बसला होतात. म्हणालात, घरात माणूस असताना बाई कशाला? अठरा दिवस मी बादल्या वर नेल्या. एकोणिसाव्या दिवशी शिडीवरच...”

तिनं वाक्य पुरं केलं नाही. पुरं करण्यासारखं नव्हतंही. मी त्या दिवशी खाली उभा होतो.

“उरलेले तीन दिवस पाणी कुणी मारलं?” तिनं विचारलं.

“कुणीच नाही,” मी म्हणालो. “म्हणून तर गळतेय ती. एकवीस दिवस लागतातच, शरयू. अठरानं भागत नाही. हे मी तेव्हाही सांगितलं होतं.”

हे मी का म्हणालो ते मला आजही सांगता येत नाही. ते खरं होतं एवढंच.

“गळू दे,” ती म्हणाली आणि दार लावून घेतलं. आतून कडी घातली. सर्जेरावानं बसवलेली कडी, नवी. एकदाच सरकली आणि पक्की बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला टेम्पो आला. पुढं बशीर मिस्त्री, मागं त्याची बायको, तीन मुलं, घमेली, थाप्या, पाण्याचा पिंप आणि पिंजऱ्यात एक पोपट. मी फाटक उघडलं. मिस्त्री उडी मारून उतरला, सलाम करून थेट मागं गेला आणि मागच्या खोल्यांसमोर थबकला.

उंबऱ्यात शरयू बसली होती. सुपात तांदूळ घेऊन निवडत होती.

“खोली रिकामी नाही, भाऊ,” ती म्हणाली. आवाज चढवला नाही.

मिस्त्री माझ्याकडं वळला. “साहेब, जागा दुसऱ्याला दिली का काय? आमी बिऱ्हाड घेऊन आलोय.”

“नाही, नाही. तू सामान उतरव. ही होईल बाजूला.”

“ह्या कोण?”

“मालकीणबाई,” मी म्हणालो. “माझी बायको.”

मिस्त्रीनं डोक्यावरची टोपी काढली. तो बंगल्याकडं बघत राहिला, खालच्या तीन खोल्या, वर माडी, त्यावर गच्ची. मग शरयूकडं. तिच्या शेजारी स्टोव्ह, मागं सतरंजी. त्याची बायको टेम्पोतून वाकून बघत होती. ती त्याला काहीतरी हळू म्हणाली. तोही हळूच काहीतरी म्हणाला. मग ती लगेच पोराचा हात ओढून त्याला परत वर घेऊ लागली.

“साहेब,” मिस्त्री म्हणाला, “राग मानू नका. तीस वर्षं कामाच्या बोलीवरच राहत आलोय मी, लोकांच्या दारात. पण ज्या घरात खुद्द मालकिणीला मागल्या खोलीत घातलंय, तिथं आमचं काय व्हायचं?”

“अरे, मी घातलं नाही. ती स्वतःहून गेली आहे.”

“असंल,” तो म्हणाला. “असंच असतं.”

तो टेम्पोत चढला. ड्रायव्हरनं गाडी मागं घेतली. मी फाटकापर्यंत धावलो, मग रस्त्यावर, आणि टेम्पोच्या मागं ओरडत सुटलो, “मिस्त्री! अरे ती स्वतःहून गेली! विचार तिला! मी काही केलं नाही!”

मे महिना होता. कॉलनीतल्या चारही गच्च्यांवर बायका पापड वाळत घालत होत्या. त्या सगळ्यांनी ऐकलं, कारण मी वळलो तेव्हा त्यांचे हात थांबलेले होते. मी वर बघून हसलो. एकीनंही उत्तरादाखल मान हलवली नाही. मग एकेक करून त्या पुन्हा पापडांवर वाकल्या, आणि मी घराच्या बाजूनं वळसा घालून मागं गेलो, तर शरयू तांदळातला खडा वेचून बाहेर टाकत होती. माझ्या पायाशी पडला. तिनं वर पाहिलं नाही.